भाड्याचा बंब

कॅनडा देशात ऑन्टारिओ नावाचा प्रांत आहे. तिथे थंडी कडाक्याची. पाणी तापवायला घरात बंब हवाच. पुष्कळांचा बंब भाड्याचा असतो. भाडं दरमहा भरायचं. वर्षं जातात, बंबाची किंमत वसूल होते, पण भाडं काही संपत नाही!

पूर्वी विक्रेते दारी येत, गोड बोलून सही घेत. मग काही कंपन्या घराच्या कागदावर बोजा चढवीत. न बोलावता दारी येऊन असा करार करण्यास २०१८ साली बंदी झाली. २०२४ साली असा बोजा चढवणेही बंद झाले.

सुटका कशी करावी? करार काढून वाचावा. बंब परत देण्याचा आणि विकत घेण्याचा खर्च लेखी मागावा. पैसे चुकते करून पावती घ्यावी.

मंडळी, आता आपल्याला वाचता येते. आधी वाचा, मग सही करा.