स्टिकर छापण्यापूर्वीं

वह्यांवरील नांवाची चिठ्ठी, नाताळच्या भेटीवरील खूण, स्नेहसंमेलनाचें बोधचिन्ह, अशा निमित्तांनीं शाळांतून स्टिकर छापून घेतले जातात. संगणकाच्या पडद्यावर चित्र सुरेख दिसतें. परंतु छापून आलेला गठ्ठा उघडतांच पुष्कळदां मंडळींचीं तोंडें उतरतात. रंग मळकट, कडेला पांढरी रेघ, आणि सर्वांत वाईट म्हणजे मुलांच्या नांवांतील जोडाक्षरें मोडलेलीं! दोष छापखान्याच्या माथीं मारला जातो. वास्तविक यंत्र बहुधा निरपराध असतें. फाईलींत जें आहे तेंच तें छापतें; आपल्या मनांत काय होतें हें त्यास ठाऊक नसतें.

प्रथम चित्राचा दाट-विरळपणा पाहावा. चांगल्या छपाईस प्रत्यक्ष आकारांत दर इंचास ३०० ठिपके असावेत, असा सर्वमान्य संकेत आहे. म्हणजे दोन इंच रुंद स्टिकरास ६०० ठिपके रुंदीचें चित्र हवें. मोबाईलवरून संदेशानें धाडलेलें चित्र बहुधा वाटेंतच आकसतें. तें मागाहून ताणून मोठें केल्यानें तपशील वाढत नाहीं. वरणांत पाणी ओतल्यानें डाळ वाढत नाहीं, तसेंच हें. बोधचिन्हें व अक्षरें शक्य तों व्हेक्टर पद्धतीनें, म्हणजे ठिपक्यांऐवजीं रेषांनीं, रेखावीं. तीं कितीही मोठीं केलीं तरी कडा फाटत नाहींत.

रंगांचा प्रश्न जुनाच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत झेनेफेल्डर यानें शिळाछापाची युक्ति शोधिली. तिच्याच रंगीत प्रकारानें, १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यांतून देवादिकांचीं चित्रें घरोघर गेलीं. तेथें प्रत्येक रंगासाठीं निराळी शिळा लागे, व कारागिरास मूळ चित्र मनांत रंगांगणिक सुटें करावें लागे. आजही रंग सुटे करावेच लागतात. फक्त तें काम संगणक करतो. पडद्यावर तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळतो. कागदावर मात्र आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाया. पडद्यावरचा झगझगीत हिरवा या चार शायांतून निघत नाहीं. म्हणून चित्र आरंभापासूनच सीएमवायके पद्धतींत तयार करावें, म्हणजे मागाहून निराशा नको. बारीक अक्षरें केवळ काळ्या शाईनें छापावीं. चारी शायांनीं छापल्यास त्या केसभर सरकतात आणि अक्षरांस रंगीत झालर लागते.

सुरीही केसभर सरकतेच. यास्तव पार्श्वभूमीचा रंग कापण्याच्या रेषेबाहेर चोहोंकडून २ ते ३ मिलिमीटर वाढवावा (छापखान्यांत यास ब्लीड म्हणतात), आणि अक्षरें तितकींच आंत ठेवावीं. कापण्याची रेषा निराळ्या थरावर, छापखाना सांगेल त्या नांवाच्या रंगानें द्यावी. कोपरे गोल करावेत. टोंकदार कोपरा दप्तरांत घासून प्रथम सुटतो. पारदर्शक स्टिकरास रंगांखालीं पांढरी शाई लागते, तिचाही थर निराळाच.

आतां आपल्या लिपीची गोष्ट. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं जुळारी आपल्या हातानें वेलांटी अक्षरापूर्वीं बसवीत असे. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनीं खिळ्यांस आणिलेला सुबकपणा प्रसिद्धच आहे. संगणकांत अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठविलीं जातात. ‘विद्यार्थी’ या शब्दांत वेलांटी ‘व’ च्या नंतर नोंदलेली असते, पण दिसते आधीं. ‘र’ नोंदलेला असतो ‘थ’ च्या पूर्वीं, पण रफार होऊन डोक्यावर चढतो. ही उलथापालथ फाँट आणि प्रणाली मिळून करतात. कांहीं चित्ररेखनाच्या प्रणालींत भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती नसल्यास वेलांटी भलत्या अक्षरास चिकटते व पाय मोडलेला ‘र्’ मध्येंच उभा राहतो. जुन्या पद्धतीचा फाँट असेल आणि तो छापखान्यांत नसेल, तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. बिचाऱ्या मुलाचें नांव त्या रांगेंत कोठें शोधावें?

यावर उपाय सोपा आहे. सर्व अक्षरें कर्व्ह करावीं, म्हणजे त्यांचें रेषांत रूपांतर करावें. मग फाँट असो वा नसो, आकार पालटत नाहीं. मात्र कर्व्ह केलेलें अक्षर पुन्हां दुरुस्त करतां येत नाहीं, म्हणून मूळ प्रत निराळी राखून ठेवावी. ज्याच्या नांवाचा स्टिकर, त्यासच तें नांव रूपांतरापूर्वीं वाचावयास द्यावें. ‘ज्ञानेश्वर’ मधला ‘श्व’ आणि ‘ख्रिस्तिना’ मधली ऱ्हस्व वेलांटी धन्याच्या डोळ्यास जितक्या त्वरेनें खुपते, तितकी गुरुजींच्याही खुपत नाहीं.

शेवटीं पीडीएफ करून ती शंभर टक्के आकारांत साध्या कागदावर छापावी, कात्रीनें कापावी व वहीवर ठेवून हातभर अंतरावरून पाहावी. अक्षर वाचतां येत नसेल तर तें मोठें करावें. गडद रंगावरील बारीक पांढऱ्या अक्षरांची शिरोरेखा तर शाईनें बुजतेच. मग छापखान्याकडून एक नमुना मागवावा, आणि तो दिवसाच्या उजेडांत पाहून उरलेल्या प्रतींची आज्ञा द्यावी.