विश्लेषण : बीच क्लबमध्ये पैसे नेमके कशाचे? गोव्याला निघण्यापूर्वी महाड-पोलादपूरकरांनी जाणून घ्याव्यात अशा गोष्टी

महाड-पोलादपूरहून गोवा गाठणे आता पूर्वीइतके दमवणारे राहिलेले नाही. कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाल्यापासून पोलादपूर-खेड हा टप्पा लवकर उरकतो. सुट्टी जोडून आली की मित्रांचे ग्रुप आणि नवी जोडपी थेट उत्तर गोव्याची वाट धरतात. मंदिर, चर्च, किल्ला यांच्या यादीत आता बीच क्लबचीही भर पडली आहे. रील्समध्ये पांढऱ्या गाद्या, निळा तलाव आणि मावळता सूर्य दिसतो. बिल दिसत नाही. त्यामुळे परतणाऱ्यांपैकी काही खूश असतात, तर काही ‘पुन्हा नको’ म्हणतात. हा फरक बऱ्याचदा आधी काय विचारले होते यावर ठरतो.

बीच क्लब आणि शॅकमध्ये फरक काय?

शॅक हे हंगामी असते. पर्यटन खात्याच्या परवान्याने ते वाळूवर उभे राहते आणि पावसाळ्यापूर्वी काढावे लागते. बीच क्लब सहसा वाळूच्या मागे, खासगी जमिनीवर असतो. उपाहारगृह, बार, पोहण्याचा तलाव, डीजे आणि समुद्राकडे तोंड करून मांडलेले पलंग असा सगळा थाट असतो. ही कल्पना फ्रान्सची. १९५५ मध्ये सेंट ट्रोपेजवळच्या पांपलोन किनाऱ्यावर ब्रिजिट बार्दोच्या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू होते. तिथल्या एका कुटुंबाच्या झोपडीला खानावळ समजून चित्रपटाची मंडळी जेवायला गेली आणि त्यातून ‘क्लब ५५’ उभा राहिला. गोव्यात वागातोर, आश्वे, मोरजी या पट्ट्यात असे क्लब आहेत.

‘मिनिमम स्पेंड’ म्हणजे काय?

प्रवेशशुल्क आणि किमान खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशशुल्क दारातच जाते. ते खाण्यापिण्यात वळते होते का, हे आधी विचारावे. किमान खर्च म्हणजे त्या पलंगावर किंवा टेबलावर बसायचे तर अमुक रकमेची ऑर्डर द्यावीच लागेल, ही अट. समुद्राजवळची रांग आणि सूर्यास्ताची वेळ असेल तर ही रक्कम चढी असते.

हिशेब करून पाहू. समजा, चौघांनी आठ हजारांची अट मान्य केली आणि तेवढ्याच रकमेचे जेवण व शीतपेये घेतली. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, तर ८०० रुपये वाढले. त्या ८,८०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी ४४० रुपये. एकूण झाले ९,२४०. सर्व्हिस चार्ज काढला तर हेच बिल ८,४०० होते. फरक ८४० रुपयांचा. क्लब महागड्या हॉटेलच्या आवारात असेल तर जीएसटी १८ टक्केही असू शकतो. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचे कर असतात.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. तो बिलात आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती वैध ठरवली. ग्राहक तो काढायला सांगू शकतो. ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. सेवा आवडली तर वेटरच्या हातात टिप देण्याला कोणाचीच आडकाठी नाही.

समोरची वाळू क्लबची असते का?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. पलंग, छत्री, तलाव क्लबचे. भरती-ओहोटीचा पट्टा क्लबचा नव्हे. समुद्रकिनारा ही लोकांची संपत्ती आहे आणि सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कमलनाथ खटल्यात मांडले. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही दोन हॉटेल किंवा रिसॉर्टमध्ये किनाऱ्याकडे जाण्यासाठी किमान २० मीटर रुंद मोकळी जागा ठेवण्याची अट आहे.

गोव्यातच याची परीक्षा झाली. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावरील एका आलिशान हॉटेलला जमीन देताना लोकांची वाट खुली ठेवण्याची अट होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये लोकांचा किनाऱ्यावर जाण्याचा हक्क मान्य झाला. पुढे त्या बांधकामासाठी राज्याने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली. तरीही किनाऱ्यावर जाण्याच्या लोकांच्या हक्काबद्दल न्यायालयाने जे सांगितले, ते महत्त्वाचेच आहे. म्हणजेच क्लबमध्ये न बसताही त्याच्यासमोरच्या वाळूवर चालता येते. कोणी ‘हा प्रायव्हेट बीच आहे’ म्हणून अडवले, तर सार्वजनिक वाट कुठून आहे हे विचारावे.

संगीत कधीपर्यंत?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. मोरजी, मांद्रे हे ऑलिव्ह रिडले कासवांचे विणीचे किनारे. तिथे प्रखर दिवे आणि गोंगाट कासवांच्या जिवावर उठतो. शिवाय गोव्यात मद्यपानासाठी वयोमर्यादा २१ वर्षे आहे. ओळखपत्र जवळ ठेवावे.

आत गेल्यावर पहिली नजर कुठे टाकावी?

बाहेर पडण्याच्या दारावर. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला. त्यातील बहुतेक तिथलेच कर्मचारी होते. तो किनाऱ्यावरचा बीच क्लब नव्हता, पण धडा तोच आहे. दुसरा दरवाजा आहे का, वाट अरुंद आहे का, छत गवताचे किंवा झावळ्यांचे असताना जवळपास आतषबाजी होते आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. शंका आली तर आगाऊ रकमेचा मोह न धरता बाहेर पडावे.

बुकिंगआधी काय विचारावे?

व्हॉट्सॲपवर बुकिंग करताना पाच उत्तरे लेखी घ्यावीत : किमान खर्च करांसह आहे की करांशिवाय, टेबल किती तासांसाठी, फक्त पुरुषांच्या ग्रुपला प्रवेश आहे का, लहान मुले चालतात का आणि रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळते का. ‘स्टॅग एंट्री नाही’ हे चारशे किलोमीटर गाडी चालवून दारात पोहोचल्यावर कळणे सर्वात महागात पडते.

आणि फक्त समुद्र आणि सूर्यास्त हवा असेल, तर गोव्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. महाडजवळून वाहणारी सावित्री हरिहरेश्वरजवळ बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. तिथून जवळच असलेल्या श्रीवर्धनच्या किनाऱ्याला २०२५ मध्ये ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले आहे. महाडहून तिथे पोहोचायला सुमारे दोन तास लागतात आणि वाळूवर बसायला किमान खर्चाची अट नाही.