गुमास्ता, पाटी आणि पगार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुकानातल्या नोकरांविषयीचे नियम एकाच कायद्यात सापडत नाहीत. दुकाने व आस्थापना, किमान वेतन, व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी यांचे कायदे वेगळे आहेत. त्यांच्या कामगारसंख्येच्या अटी वेगळ्या आणि बदलाच्या तारखाही वेगळ्या. हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात किराणा, कापड किंवा खत-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्यांनाही ते लागू होतात.

गैरसमज: गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा परवाना, शहरातल्या दुकानांनाच लागतो.
वस्तुस्थिती: 1948 चा जुना दुकाने व आस्थापना कायदा ठरावीक क्षेत्रांपुरता होता. 19 डिसेंबर 2017 पासून लागू झालेला नवा कायदा संपूर्ण राज्यासाठी आहे. 10 किंवा अधिक कामगार असतील तर नोंदणी, त्याहून कमी असतील तर व्यवसाय सुरू केल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना, अशी त्याची मूळ रचना होती.

गैरसमज: दोन-तीन नोकरांच्या दुकानाला कुठलाच कायदा लागत नाही.
वस्तुस्थिती: मराठी पाटीची सक्ती 2022 च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही लागू झाली. पाटीवर देवनागरीतले मराठी नाव हवे. इतर भाषा चालतात, पण मराठी अक्षरे त्यांच्यापेक्षा लहान असू नयेत. किमान वेतन तर एकच नोकर असला तरी द्यावे लागते. पाच नोकर झाले की कामगार कल्याण निधीची वर्गणी सुरू होते. 2024 च्या बदलानंतर ती सहामाही कामगाराची 25 रुपये आणि मालकाची 75 रुपये आहे.

गैरसमज: किमान वेतनाचा आकडा एकदा पाहिला की काही वर्षे काळजी नाही.
वस्तुस्थिती: मूळ दर अनेक वर्षे तोच राहतो, पण महागाईशी जोडलेला विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून असा वर्षातून दोनदा बदलतो. दर परिमंडळानुसार, म्हणजे भागानुसार, असल्याने मुंबई किंवा पुण्याचा आकडा गावाला जसाच्या तसा लागू होत नाही.

गैरसमज: व्यवसाय कर सगळ्यांच्या पगारातून सारखाच कापायचा.
वस्तुस्थिती: 1 एप्रिल 2023 पासून महिलांना दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. पूर्वी ही मर्यादा 10,000 होती. पुरुषांना 7,500 च्या पुढे 175 रुपये, तर 10,000 च्या पुढे 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कर आहे.

गैरसमज: मंत्रिमंडळाने मंजुरी दिली म्हणजे त्याच दिवसापासून नियम बदलला.
वस्तुस्थिती: 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यातली कामगारसंख्येची मर्यादा 10 वरून 20, दिवसाचे काम 9 वरून 10 तास आणि तिमाहीतले जादा काम 125 वरून 144 तास करण्यास मान्यता दिली. असा निर्णय अध्यादेशाने किंवा विधिमंडळात मंजूर झालेल्या विधेयकानेच कायदा होतो. अंमलाची तारीख राजपत्रातून कळते, बातमीतून नव्हे.

गैरसमज: केंद्राच्या कामगार संहिता आल्या, आता राज्याचे कायदे संपले.
वस्तुस्थिती: 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या चार संहितांनी 29 केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. दुकाने व आस्थापना कायदा राज्याचा आहे आणि तो त्या यादीत नाही. किमान वेतनाचे दरही राज्य सरकारच ठरवते.

मालकांनी जानेवारी आणि जुलैत विशेष भत्त्याचा नवा दर, एप्रिलमध्ये व्यवसाय कर आणि प्रत्येक अधिवेशनानंतर राजपत्र पाहावे. शंका उरल्यास हिंगोलीच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात विचारून मगच पगारपत्रक बदलावे.