उघडे ठेवावे लागणारे दार

माझ्या पोटावरच्या पिशवीशेजारी आलेला फुगवटा मी दोन महिने सदऱ्याखाली लपवला. चूक माझीच असावी, असे वाटत होते. तो हर्निया होता.

कोलोस्टॉमीत मोठे आतडे बाहेर आणण्यासाठी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीला भोक पाडतात. इतर जखमा शिवून मिटवता येतात. हे दार मात्र उघडेच ठेवावे लागते. खोकताना, कुंथताना, जड उचलताना पोटातला दाब त्याच कमकुवत जागी येतो. भोक हळूहळू रुंदावते आणि आतड्याचे वेटोळे शेजारून सरकते. युरोपियन हर्निया सोसायटीच्या २०१८च्या मार्गदर्शिकेनुसार कायमच्या कोलोस्टॉमीनंतर वर्षभरात ३० टक्क्यांहून अधिक रुग्णांना हा हर्निया होतो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेतच जाळी बसवावी, असे ती सुचवते. लठ्ठपणा आणि जुनाट खोकला धोका वाढवतात. पण मूळ कारण त्या दारातच आहे.

बहुतेक फुगवटे आधाराच्या पट्ट्यावर निभावतात. मात्र फुगवटा कडक होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, पिशवी रिकामी राहिली, तर आतडे अडकलेले असू शकते. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावे. लाजण्यात माझे दोन महिने गेले. अशा वेळी दोन तासही घालवू नयेत.