संगणकीय आरेखनातील दंतचक्रांची जुळणी

संगणकाच्या पडद्यावर तयार केलेल्या दंतचक्रांच्या त्रिमितीय प्रतिकृती आपापल्या आसांवर बसवून त्यांचे दात परस्परांत बिनचूक गुंततील अशा रीतीने मांडण्याची प्रक्रिया. गतीचे गुणोत्तर जुळले म्हणजे दात जुळले असे नव्हे, हे या प्रक्रियेतील मुख्य सूत्र होय.

जुळणाऱ्या चक्रांचे मॉड्यूल (पिच वर्तुळाचा व्यास भागिले दातांची संख्या) व दाबकोन समान असावे लागतात. दाबकोन सामान्यतः २०° असतो. उदा., मॉड्यूल ३ मिमी. असता २० व ४० दातांच्या चक्रांचे पिच व्यास अनुक्रमे ६० व १२० मिमी. येतात आणि समांतर आसांमधील अंतर ९० मिमी. ठरते.

यानंतर २ : १ हे गतिबंधन दिले की चक्रे पडद्यावर फिरू लागतात, मात्र या बंधनाने त्यांची आरंभीची स्थिती ठरत नाही. केंद्ररेषेवर दातासमोर दात आला, तर दोन्ही दात एकमेकांत घुसतात आणि संगणक त्यांना तसेच फिरवीत राहतो. म्हणून बंधन देण्यापूर्वी एका चक्राच्या दातासमोर दुसऱ्याची खाच आणतात. ४० दातांच्या चक्रात लगतच्या दातांमधील कोन ९° असल्याने ते ४·५° फिरविले की पुरते. विषम संख्येच्या चक्रात दाताच्या बरोबर विरुद्ध बाजूस खाचच असते, हेही लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते.

वंगणाचा थर व उष्णतेने होणारे प्रसरण यांसाठी दातांमध्ये थोडी मोकळीक ठेवतात. तीस बॅकलॅश म्हणतात. लहान चक्र १८° पर्यंत थोडेथोडे फिरवून प्रत्येक स्थितीत घनांचे परस्परछेदन तपासल्यास एका दाताचे पूर्ण आवर्तन पडताळले जाते.

ग्रहीय मालेत सूर्यचक्र व कंकणचक्र यांच्या दातांच्या बेरजेस ग्रहचक्रांच्या संख्येने निःशेष भाग जावा लागतो, तरच ग्रहचक्रे समान अंतरावर बसतात. अनुक्रमे २० व ६० दात असता चार ग्रहचक्रे तशी बसतात, तीन बसत नाहीत.

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक क्षेत्रात महिंद्र कंपनीचे ट्रॅक्टर तयार होतात. ट्रॅक्टरमध्ये एंजिनाची जलद गती दंतचक्रांद्वारे मंद होऊन चाकांना मोठे परिबल मिळते. अशा यंत्रात आरेखनातील चूक पोलाद कापल्यावर उघडकीस आली, तर पेटी अडकते किंवा दात झिजतात. पडद्यावर ती केवळ एका कोनाच्या बदलाने दूर होते.