एक खोली, तीन इयत्ता

9:40
हिवाळ्यात इथल्या सरकारी शाळा दहाला भरतात. मी थोडी आधी येते, कारण दुसरी, तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात आणि फळ्याचे तीन भाग आखून ठेवावे लागतात. आमची शाळा जयपूरच्या सांगानेर भागात. बहुतेक मुलांच्या घरी कापडावर ठसे मारायचं नाहीतर हातकागदाचं काम चालतं.

10:00
प्रार्थना, हजेरी. चौथीच्या दोघी अंगणात काठी रोवतात आणि सावलीच्या टोकाशी खडूने खूण करून वेळ लिहितात. हे आता दर अर्ध्या तासाने चालणार.

10:20
भाषेच्या तासाला मी इयत्ता मोडते. ज्याला जितकं वाचता येतं, त्या गटात तो बसतो. ही वाट जयपूरला नवी नाही. रोहित धनकर आणि रीना दास यांनी कर्नाटकातल्या नीलबाग शाळेचे डेव्हिड हॉर्सबर्ग यांच्याकडे प्रशिक्षण घेतलं आणि 1978 साली इथे ‘दिगंतर’ ही शाळा सुरू केली. इयत्तांऐवजी गट, आणि प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे. 1987 पासून ‘बोध’ या संस्थेने शहरातल्या वस्त्यांमध्ये काम उभं केलं.

अजून वाचू न लागलेली मुलं माझ्याजवळ बसतात. ती ढूंढाडीत, म्हणजे घरच्या बोलीत बोलतात, मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिते. आज एक जण म्हणाला, ‘म्हारी बकरी कागद खागी.’ सगळे हसले, मग प्रत्येकाने ते वाक्य बोट ठेवून वाचलं. अर्थ आधीच ठाऊक असल्याने मुलाला फक्त अक्षरं ओळखायची उरतात. त्याच्याखाली हिंदी वाक्य येतं, तेही कुणीतरी मूलच सांगतं. घरची बोली दाराबाहेर ठेवायला लावली, तर मूल गप्प होतं, आणि गप्प मुलाला वाचायला शिकवणं फार अवघड. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, ही समजूत मला मनापासून खटकते.

11:30
गणित. एका मुलीने घरून जुना लाकडी ठसा आणलाय. कागदावर सहा-सहा ठशांच्या चार ओळी. एकूण किती? दुसरीची मुलं एकेक मोजतात, तिसरीची ओळीओळीने बेरीज करतात, चौथीची थेट गुणतात. मग कागद आडवा फिरवला, तर चार-चारच्या सहा ओळी! उत्तर तेच का आलं, यावर बराच वेळ वाद झाला. मी मध्ये पडले नाही.

12:45
सर्वात आखूड सावली बाराला पडेल, अशी सगळ्यांची खात्री होती. ती पडली 12:40 च्या सुमारास. ‘घड्याळ चुकलंय,’ एकाने निकाल दिला. आपली वेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावरून ठरते आणि जयपूर त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून सूर्याची मध्यान्ह इथे सुमारे 27 मिनिटं उशिरा येते. फेब्रुवारीत पृथ्वीच्या भ्रमणामुळे आणखी चौदाएक मिनिटं. हे मी आज सांगितलं नाही. इथल्या जंतरमंतर वेधशाळेतलं सम्राट यंत्र हे सावलीचं घड्याळ सुमारे 27 मीटर उंच असून जयपूरची स्थानिक वेळ दाखवतं, एवढंच सांगितलं.

जेवण.

2:00
वह्या. एका मुलीने लिहिलंय, 42 वजा 17 बरोबर 35. लाल फुली मारायच्या आधी मी विचारते, ‘कसं काढलंस?’ ती म्हणते, सातातून दोन, चारातून एक. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम तिने स्वतःच बांधलाय आणि तो इमानाने पाळलाय. फुलीने तो नियम हलत नाही. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यासमोर ठेवल्या. सतरा द्यायच्या तर गठ्ठा सोडावा लागतो, हे तिच्या हातांना आधी कळलं. पुढची तीन उदाहरणं तिने काड्यांवरच केली. वहीत उद्या.

3:40
मी नोंदी लिहिते: कोण कुठल्या गटात गेलं, कुणाला उद्या काय द्यायचं. चौथीच्या मुली विचारत उभ्या आहेत, सम्राट यंत्रात बारा वाजतात तेव्हा आमच्या घड्याळात किती वाजलेले असतात? उद्या नकाशा काढायचा, रेखावृत्तं दाखवायची, आणि जंतरमंतरच्या सहलीच्या परवानगीचा अर्ज मुख्याध्यापकांना द्यायचा.