गच्चीवरचा डबा

सकाळी ७:३०
पहिला फोन. "दादा, नेट गेलंय, नऊला लॉगइन आहे माझं." डोंबिवली पूर्वेला रात्री पाऊस झाला की सकाळची सुरुवात अशीच. बिलावर कंपनीचं नाव, शिडीवर मी.

सकाळी ८:४५
गच्चीत टाकीमागे पत्र्याचा डबा, आत स्विच. पाणी शिरून पोर्टांवर हिरवट गंज चढलाय. तांब्याची लॅन केबल शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणून दर दोन-तीन इमारतींमागे असा एक डबा, त्याला सोसायटीची वीज. फायबरला मध्ये वीज लागत नाही. स्प्लिटर लावले की एका पोर्टवर चौसष्ट घरं चालतात. हे मलाही कळतं, कंपनीलाही. अडतं ते खर्च कोणी करायचा इथे.

सकाळी ११:००
पलीकडच्या इमारतीत फायबर आहे, पण लाल दिवा लागलाय. पॉवर मीटर उणे ३१ डीबीएम दाखवतो. उणे २७ च्या खाली सिग्नल टिकत नाही. रंगाऱ्याच्या दोरीने वायर दुमडलीय. ती तोडली, सोलली, स्पिरिटने पुसली, स्प्लाइसिंग मशीनमध्ये जोडली. आता उणे २०. हे मशीन मी हप्त्यांवर घेतलंय.

दुपारी १:३०
डबा खाताना कंपनीचा फोन: "एरिया फायबरवर घ्या, नाहीतर गिऱ्हाईक जाईल." म्हणजे तुमच्या खर्चाने घ्या. पाचशेच्या प्लॅनला ग्राहक ५९० देतो, ९० जीएसटी. उरलेल्यात आधी कंपनीचा वाटा, मग माझा. उत्पन्नावर सरकारला ८ टक्के परवाना शुल्क जातं, त्या आठातले पाच डिजिटल भारत निधीसाठी. तो खेड्यापाड्यांसाठी, ते रास्तच. मोठ्या टेलिकॉम कंपन्या म्हणतात, नेटवर्कच्या खर्चासाठी व्हिडिओवाल्यांनी पैसे द्यावेत. कोरियात याच वादात एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स कोर्टात गेले, २०२३ मध्ये तडजोड झाली. इथे उद्या ते पैसे आले तरी या गच्चीपर्यंत पोहोचतील असं मला वाटत नाही. आणि जो देणार नाही त्याची साइट रखडणार का, हाही प्रश्न आहेच.

संध्याकाळी ५:००
वसुली. सोबत फायबरच्या खर्चाचंही विचारलं. पहिल्या मजल्यावरच्या आजी: "दर महिन्याला देते ना, मग वायरीचे वेगळे कशाला?" वरचा भाडेकरू: "माझं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, मी का भरू?" दोघांचंही चुकत नाही.

रात्री ८:३०
सोसायटीची कमिटी. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही फायबर फुकट टाका, पाच वर्षं दुसऱ्या कोणाला आत घेणार नाही." मोह झाला. पण मागच्या गल्लीतल्या दोन इमारतींत दुसऱ्याने हाच करार केलाय आणि माझी शिडी गेटवरच अडते. ज्याचा पैसा, त्याच्या हाती किल्ली. मग नेट रडलं तरी रहिवाशांना दुसरा मार्ग नाही.

मी म्हटलं, गेटपर्यंतचं फायबर माझं. आतला पाइप आणि मजल्यावरच्या पेट्या सोसायटीच्या, नळाच्या पाइपासारख्या; त्यातून कोणाचीही वायर जाऊ दे. खजिनदार म्हणाले, "इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, आता कशाला?" हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. आतला खर्च फ्लॅटमागे वाटला तर पेंटिंगच्या वर्गणीहून कमी भरतो, हे त्यांना हिशोब मांडून दाखवलं.

रात्री १०:००
कोटेशन दोन भागांत लिहिलं: गेटबाहेर, गेटच्या आत. आतल्या कामाला दुसऱ्या ऑपरेटरचंही कोटेशन मागवा, असं खाली लिहून पाठवलं.